कॉम्प्युटर सुरू होत नाही? थांबा, फॉरमॅट मारू नका

सदाशिव पेठेत माझ्या मामाचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. आजूबाजूला अभ्यासिका, त्यामुळे सकाळपासून मुलांची रीघ असते. कुणाला फॉर्म भरून हवा, कुणाला हॉल तिकिटाची प्रिंट, कुणाला प्रोजेक्टचं बाइंडिंग. जूनमधल्या एका शुक्रवारी सकाळी साडेनऊला त्याचा फोन आला. आदला दिवस गुरुवार, म्हणजे पुण्यात लाइट जाण्याचा वार. संध्याकाळी कॉम्प्युटर अपडेट घेत होता, तेवढ्यात लाइट गेली. यूपीएसची बॅटरी कधीच दमलेली होती, तिने दोन मिनिटंसुद्धा तग धरला नाही. सकाळी बटण दाबलं तर नेहमीचा विंडोजचा लोगो यायच्या ऐवजी निळ्या पडद्यावर इंग्रजीत चार ओळी.

त्याने शेजारच्या एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं होतं. त्याने पडदा बघून सांगितलं, "विंडोज उडालंय. फॉरमॅट मारावं लागेल. डेटाची गॅरंटी नाही." मामाच्या मशीनमध्ये एका मुलीचा एमएचा शोधप्रबंध होता, गाईडने सुचवलेल्या शेवटच्या दुरुस्त्यांसकट. सोमवारी जमा करायचा होता आणि त्या दुरुस्त्या दुसरीकडे कुठेही नव्हत्या.

"मामा, त्या ओळी वाचून दाखव."

त्याने एकेक अक्षर करत वाचलं. फाइल म्हणून बीसीडी असं नाव, आणि खाली एरर कोड: शून्य, एक्स, सी, पाच शून्यं, मग चौतीस.

"कुणालाही हात लावू देऊ नकोस. तुझ्या फायली जागच्या जागी आहेत."

"तू तर मशीन बघितलंही नाहीस. तुला कसं कळलं?"

हा प्रश्न योग्य होता. त्याचं उत्तर प्रत्येक कॉम्प्युटरवाल्याला माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. एवढ्याशा गोष्टीपायी लोकांचे वर्षांचे फोटो आणि हिशेब पुसले गेलेले मी पाहिले आहेत.

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत काय घडतं ते आधी बघू. कॉम्प्युटर बंद असताना त्याला काहीच माहीत नसतं. विंडोज नावाची चीज आपल्या पोटात आहे हेसुद्धा नाही. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये छोटा प्रोग्राम कायमचा भरलेला असतो. जुन्या मशीनमध्ये त्याला बायोस म्हणतात, नव्यांत यूईएफआय. तो आधी जागा होतो, रॅम, कीबोर्ड, डिस्क ठीक आहेत ना ते चाचपतो, आणि मग पुढचा प्रोग्राम शोधायला डिस्ककडे वळतो. त्या प्रोग्रामने त्याच्या पुढच्याला उठवायचं, त्याने विंडोजला. या सगळ्या साखळीला बूट होणं म्हणतात. मराठी कानाला पायातला बूट आठवतो, आणि खरोखर तोच आहे. उंच बुटांना मागे ओढून घालण्यासाठी एक पट्टी असते. आपल्याच बुटाची ती पट्टी धरून स्वतःला वर उचलायचं, अशी इंग्रजीतली कल्पना, तिच्यावरून हा शब्द आला. कॉम्प्युटर दर सकाळी तेच करतो.

आता कोथरूडमधली एखादी मोठी सोसायटी डोळ्यांसमोर आणा. पार्सल घेऊन एक मुलगा येतो. तो इथे पहिल्यांदाच आलाय, त्याला फक्त गेट माहीत आहे. गेटवर केबिन आहे, केबिनमध्ये वॉचमन, वॉचमनकडे वही. वहीत लिहिलंय कोणतं कुटुंब कोणत्या विंगमध्ये, कितव्या मजल्यावर. वॉचमन वही बघतो आणि मुलाला वर पाठवतो. यूईएफआय म्हणजे तो पार्सलवाला मुलगा. गेटवरची केबिन म्हणजे डिस्कवरचा एक वेगळा राखलेला छोटा तुकडा, म्हणजे पार्टिशन. विंडोजच्या मशीनमध्ये तो बहुधा १०० एमबीचा असतो आणि माय कॉम्प्युटरमध्ये दिसत नाही. वॉचमन म्हणजे त्या तुकड्यातला बूट मॅनेजर. आणि वही म्हणजे बीसीडी नावाची काही केबींची फाइल. विंडोज कोणत्या पार्टिशनवर आहे, ते कसं सुरू करायचं, हे तिच्यात नोंदलेलं असतं.

वही भिजली, पान फाटलं, की वॉचमन म्हणणार, "असं कुणी इथे राहत नाही." पार्सल परत. पण चौथ्या मजल्यावरच्या त्या घराला कुलूप आहे, कपाटं भरलेली आहेत, देव्हाऱ्यात देव आहेत. मामाने वाचलेला चौतीसचा कोड वहीत हवी ती नोंद सापडत नसल्याचा होता. म्हणूनच मला फोनवरून सांगता आलं. आणि दुरुस्तीवाला सुचवत होता तो उपाय म्हणजे वही फाटली म्हणून घर रिकामं करून नव्याने संसार मांडणं.

विजेचा आणि या वहीचा संबंध जवळचा आहे. विंडोजचं मोठं पार्टिशन एनटीएफएस पद्धतीने आखलेलं असतं. त्यात डिस्कवरच्या रचनेत काही बदलण्याआधी कच्ची नोंद ठेवली जाते, त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी उठल्यावर बरंचसं सावरून घेता येतं. गेटवरच्या केबिनीचं तसं नाही. यूईएफआयला वाचता यावं म्हणून तो तुकडा फॅट या जुन्या, साध्या पद्धतीनेच आखावा लागतो, आणि फॅटमध्ये कच्ची नोंद नसते. वॉचमन वहीत लिहीत असताना दिवे गेले, तर वाक्य अर्धंच राहतं. म्हणून अपडेट चालू असताना लाइट जाणं एरवीपेक्षा जास्त महागात पडतं. ज्याच्या दुकानाचं पोट कॉम्प्युटरवर आहे त्याने यूपीएसची बॅटरी वेळेवर बदलावी, हे मी मामाला दोन वर्षं सांगत होते.

जुन्या मशीनमध्ये यूईएफआयची ही केबिन नसते, गेटवर एक चिठ्ठी असते, तिला एमबीआर म्हणतात. डिस्कचे अगदी पहिले ५१२ बाइट. ही पद्धत १९८३ पासूनची. त्यातले ४४६ बाइट सुरुवातीच्या प्रोग्रामला, ६४ पार्टिशनच्या तक्त्याला, आणि शेवटचे दोन "ही चिठ्ठी खरी आहे" अशा सहीला. देवनागरीतलं एक चिन्ह साठवायला साधारणपणे ३ बाइट लागतात, म्हणजे हा परिच्छेदसुद्धा त्यात मावणार नाही. एवढ्याशा जागेत मांडलेली गोष्ट चाळीस वर्षं जगभरातले कॉम्प्युटर उठवत आली, याचं मला आजही नवल वाटतं.

दुरुस्तीकडे वळण्याआधी तीन गोष्टी तपासा. पहिली, कुठला पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड किंवा बाहेरची डिस्क लावलेली राहिलीय का. मशीन तिच्यातच बूट फायली, म्हणजे वॉचमन आणि वही, शोधत बसलं असेल. काढा आणि पुन्हा सुरू करा. अनेकदा गोष्ट इथेच संपते.

दुसरी, सुरू करताना बहुधा डिलीट किंवा एफ२ दाबून सेटिंगच्या पडद्यावर जा आणि डिस्कचं नाव दिसतंय का बघा. नाव नसेल तर प्रश्न बूट फायलींचा नाही, वायरचा किंवा डिस्कचाच आहे. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मशीन बंद करा आणि बंदच ठेवा. तिच्यावर दुरुस्तीचे प्रयोग करू नका, प्रत्येक वेळी चालवताना ती आणखी झिजते. अशा वेळी पैसे डेटा काढून देणाऱ्या जाणकारावर खर्च करावेत. त्याच पडद्यावर तारीखही बघा. ती कित्येक वर्षं मागची दिसली तर मदरबोर्डवरचा गोल सेल संपलाय आणि सेटिंग्ज मूळपदावर गेल्या आहेत. मग डिस्क आणि फायली धडधाकट असूनही मशीन चुकीच्या पद्धतीने शोधत राहतं. तो सेल सीआर२०३२. नावातच माप आहे: २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. तपकीर गल्लीत किंवा कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळेल. नवा घातल्यावर तारीख आणि बूटची सेटिंग्ज पूर्वीसारखी करून घ्या.

तिसरी गोष्ट गेल्या काही वर्षांत फार महत्त्वाची झालीय. नव्या लॅपटॉपवर डिस्क बहुतेक वेळा बिटलॉकर या विंडोजच्याच कुलपात असते, मालकाला पत्ताही नसतो. दुरुस्तीच्या पडद्यावर गेलात की ४८ आकडी किल्ली मागितली जाते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला असेल तर ती त्या खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून खात्यात शिरून आजच बघा आणि कागदावर उतरवून ठेवा. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली होती. त्यात बूट फायलींचा दोष नव्हता, एकच फाइल काढायची होती. तरीही ही किल्ली हाताशी नव्हती म्हणून कित्येक जण ताटकळले.

मामाचं मशीन साधं होतं, कुलूप नव्हतं, डिस्क दिसत होती. मी हिंजवडीत, तो पेठेत. शुक्रवारी सकाळी इथून तिथे जाण्यापेक्षा फोनवर सांगणं सोपं होतं. तेही सगळं सांगते, कारण कमांड लिहून दिल्या तरी लोक नेमके कुठे अडखळतात ते त्यातून कळेल.

विंडोज दोनदा धड सुरू झालं नाही तर पुढच्या खेपेला बहुधा आपोआप दुरुस्तीचा पडदा आणतं. पण बूट फायलीच नसतील तर तिथवर पोचताही येत नाही. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवून किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करावा लागतो. त्यावर आधीचं जे असेल ते पुसलं जातं. मामाने घरचा लॅपटॉप मागवून तो बनवला. मग मशीनला पेनड्राइव्ह लावून बूट मेनूचं बटण. डेल, लेनोव्होच्या बहुतेक मशीनवर एफ१२, एचपीवर एफ९. मेनूत पेनड्राइव्ह निवडला की विंडोज बसवण्याचा पडदा येतो. इथे इन्स्टॉलला हात लावायचा नाही. रिपेअरचा पर्याय घ्यायचा. त्यातलं स्टार्टअप रिपेअर एकदा चालवून बघावं, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. मामाचं नाही भागलं, म्हणून कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी. शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबलं तरी तो काळा चौकोन उघडतो.

"आता नोटपॅड असं टाइप कर आणि एंटर मार."

"नोटपॅड? आपल्याला मशीन दुरुस्त करायचंय ना?"

"आधी मुलीचा प्रबंध बघू. फाइलमध्ये जा, ओपन म्हण, खाली ऑल फाइल्स निवड."

ही युक्ती मला फार आवडते. विंडोज सुरू नसतानाही नोटपॅडच्या त्या छोट्या खिडकीतून सगळी डिस्क धुंडाळता येते. मामा एकेक फोल्डर उघडत गेला. मग फोनवर काही क्षण शांतता, आणि, "अगं, आहे. सगळं आहे इथे." मागे ती मुलगी उभी असणार, तिचाही आवाज आला. राइट क्लिक करून कॉपी, आणि दुसऱ्या पेनड्राइव्हवर पेस्ट. पुढे दुरुस्तीत काहीही झालं असतं तरी सोमवार सुटला होता. कुणाचंही मशीन असो, दुरुस्तीची पहिली कमांड देण्याआधी महत्त्वाच्या फायली अशा बाहेर काढून घ्याव्यात.

मग डिस्कपार्ट, म्हणजे डिस्क आणि तिचे तुकडे दाखवणारी कमांड. ते टाइप करून एंटर, नंतर लिस्ट डिस्क. शेवटच्या रकान्यावर जीपीटी, म्हणजे डिस्क आखण्याची नवी पद्धत, असं लिहिलेलं असतं. आपल्या डिस्कपुढे त्याखाली चांदणी असेल तर मशीन नव्या, यूईएफआय पद्धतीचं. मामाच्या डिस्कपुढे चांदणी होती. मग लिस्ट व्हॉल्यूम, म्हणजे सगळ्या तुकड्यांची यादी. त्यात फॅट३२ लिहिलेला तुकडा शोधायचा.

"दोन आहेत गं."

इथे भले भले चुकतात. आत्ता लावलेला पेनड्राइव्हही फॅट३२ असतो. आकार बघायचा. एक १४ जीबीचा, पुढे रिमूव्हेबल लिहिलेला, तो पेनड्राइव्ह. दुसरा १०० एमबीचा, हिडन लिहिलेला, ती आपली केबिन. तिला मामाकडे तीन नंबर होता. सिलेक्ट व्हॉल्यूम तीन. मग असाइन लेटर इज इक्वल टू एस. म्हणजे त्या बिननावाच्या तुकड्याला तात्पुरतं एस हे अक्षर दिलं. पण एक्झिट म्हणण्याआधी त्याच यादीत विंडोजचा मोठा एनटीएफएस तुकडा कोणत्या अक्षरावर आहे ते बघितलं. तिथे सी नव्हतं, डी होतं. पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर अक्षरं अशी सरकतात, आणि रोजच्या सवयीने सी लिहिणाऱ्याची कमांड फसते. खात्रीसाठी आत काय आहे ते दाखवणारी कमांड: डीआयआर, जागा, डी, कोलन, उलटी रेघ. विंडोज आणि यूजर्स ही फोल्डर दिसली. बरोबर.

आता खरी कमांड. बीसीडीबूट, सलग एक शब्द. जागा. डी, कोलन, उलटी तिरकी रेघ, विंडोज. जागा. सुलटी रेघ, एस. जागा. एस, कोलन. जागा. सुलटी रेघ, एफ. जागा. यूईएफआय.

"उलटी म्हणजे कुठली?"

"एंटरच्या वरच्या बटणावरची. सुलटी म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरची."

या कमांडचा अर्थ एवढाच: डीवरच्या विंडोजमधून बूट फायलींच्या ताज्या प्रती घे, एस या केबिनीत ठेव, आणि वही नव्याने लिही. म्हणजे घरातल्याच माणसाने खाली येऊन वॉचमनला नवी वही भरून द्यायची. हे शक्य होतं कारण या फायलींची मूळ प्रत विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये कायम असते. एंटर मारल्यावर दोन-तीन सेकंदांत ओळ आली, बूट फायली यशस्वीपणे तयार झाल्या अशा अर्थाची. पेनड्राइव्ह काढला, मशीन परत सुरू केलं, लोगो आला. सगळं मिळून चाळीस मिनिटं, त्यातली बरीचशी पेनड्राइव्ह बनण्यात गेली. फायली तयार होऊनही कुणाचं मशीन उठलं नाही, तर सेटिंगच्या पडद्यावर बूटच्या क्रमात विंडोज बूट मॅनेजर पहिला आहे का ते बघावं.

कधी तो १०० एमबीचा तुकडाच इतका बिघडलेला असतो की त्यावर लिहिताच येत नाही. मग फक्त तो तुकडा फॅट३२मध्ये फॉरमॅट करून वरची कमांड पुन्हा द्यावी लागते. अक्षर दोनदा, तीनदा तपासून मगच.

चांदणी नसलेल्या जुन्या मशीनचा उपाय वेगळा. तिथे बूटरेक ही कमांड, पुढे सुलटी रेघ देऊन क्रमाने फिक्सएमबीआर, फिक्सबूट आणि रीबिल्डबीसीडी. शेवटची विंडोज शोधून काढते आणि यादीत घालू का विचारते, तेव्हा वाय दाबायचं. इंटरनेटवर बहुतेक ठिकाणी याच तीन कमांड सर्रास दिलेल्या असतात. नव्या मशीनवर फिक्सबूटला अनेकदा "अॅक्सेस डिनाइड" असं उत्तर येतं आणि लोक घाबरतात. घाबरायचं कारण नाही. नव्या मशीनला बीसीडीबूट पुरते.

लाइट सोडून बूट फायली हरवण्याची दोन-तीन कारणं आपल्याकडे वारंवार दिसतात. सगळ्यात जास्त एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी येणारी वेगवान डिस्क, बसवताना. जुनी हार्ड डिस्क जोडलेली असतानाच नव्या एसएसडीवर विंडोज टाकलं जातं. बसवणारा प्रोग्राम बघतो की जुन्या डिस्कवर केबिन आयती आहे, आणि वही तिथेच ठेवतो. सगळं झकास चालतं. सहा महिन्यांनी जुनी डिस्क विकायला म्हणून काढली की नवी कोरी एसएसडी सुरूच होत नाही. नवं विंडोज टाकताना जुन्या डिस्कची वायर काढून ठेवली की हा प्रकार होत नाही.

इंजिनिअरिंगची मुलं विंडोजशेजारी उबंटू ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकतात आणि परीक्षा झाली की ते पार्टिशन उडवतात. सुरुवातीचा प्रोग्राम उबंटूचा होता, त्याचं घरच गेलं, म्हणून काळ्या पडद्यावर ग्रब रेस्क्यू अशी ओळ येते. नव्या मशीनवर बूटच्या क्रमात विंडोज वर घेतलं की झालं, जुन्यावर फिक्सएमबीआर. आणि विंडोज १० ची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला सर्वसाधारणपणे बंद झाल्यावर, विंडोज ११ साठी जुनी डिस्क जीपीटीत बदलणारेही दिसतात. डिस्क बदलली पण सेटिंगमध्ये यूईएफआय चालू करायचं राहिलं, की मशीन जुन्या गेटवर चिठ्ठी शोधत उभं राहतं. तिथे कमांडही लागत नाही, सेटिंग बदलायची.

मामाने तो पेनड्राइव्ह पुसला नाही. त्याच्यावर "विंडोज रिपेअर" अशी चिठ्ठी चिकटवून गल्ल्याच्या कप्प्यात ठेवलाय, सोबत मी सांगितलेली कमांड त्याच्या अक्षरात, उलटी रेघ कुठली आणि सुलटी कुठली यांच्या बाणांसकट. दुपारी दीडला त्याने प्रबंधाची पहिली प्रत छापून बाइंडिंगला लावली. संध्याकाळी यूपीएसची नवी बॅटरी आली.